मोठी लेन्स घेऊन मसाई माराला: मुंबई ते नैरोबी विमानप्रवासाची तयारी

जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत टांझानियातल्या सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे कळप केनियाच्या मसाई मारात उतरतात आणि महाराष्ट्रातले कितीतरी छायाचित्रकार त्यांच्या मागे जातात. भिगवणला फ्लेमिंगो झाले, ताडोबात वाघ झाला, की पुढचं नाव बहुधा माराचंच निघतं. पण ताडोबाला जाताना सगळं सामान गाडीच्या डिकीत असतं आणि किल्ली आपल्या खिशात. विमानात तुमची लेन्स कुठे जाणार हे वजनकाटा, बॅटरीचे नियम आणि गेटवरचा कर्मचारी ठरवतात. परतताना ती तुमचीच आहे का, हे कस्टमचा अधिकारी विचारू शकतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी दोनच गोष्टी आधी सांगते. जे माराच्या कॅम्पमध्ये विकत किंवा उसनं मिळणार नाही, ते चेक-इन बॅगेत टाकायचं नाही. आणि ते तुमचं आहे हे सांगणारा कागद त्याच बॅगेत, तुमच्या हाताशी हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

१. तिकीट काढण्याआधी प्रवासातलं सर्वांत छोटं विमान शोधा

बहुतेक जण मुंबई-नैरोबी विमानाचे नियम वाचतात आणि तिथेच थांबतात. खरी अडचण छोट्या विमानांत येते. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, शिवाय दुबई, दोहा, आदिस अबाबा असे मार्ग आहेत. ही सगळी विमानं नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर उतरतात. मारात जाणारी लहान विमानं मात्र शहरातल्या विल्सन विमानतळावरून सुटतात आणि त्यांत साधारणपणे माणशी १५ किलो सामान चालतं. हे १५ किलो म्हणजे कपडे, बूट, कॅमेरा, लॅपटॉप, सगळं मिळून. बॅगही मऊ कापडाची लागते, कारण विमानाच्या पोटातल्या अरुंद जागेत चाकांची टणक पेटी बसत नाही.

कॅमेऱ्याचं सामान आठ-नऊ किलो असेल तर कपड्यांना सहा-सात किलो उरतात. ते पुरतात, कारण बहुतेक कॅम्पमध्ये कपडे धुऊन मिळतात. नाही पुरले तर जास्तीच्या वजनाचे पैसे आधीच भरा. काही कंपन्या सामानासाठी एक जादा आसनही विकतात. मोठी पेटी नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जाणं हाही सोपा मार्ग आहे. नैरोबीहून नारोकमार्गे गाडीने गेलात तर वजनाचा प्रश्न मिटतो, पण पाच-सहा तासांची धूळ आणि हादरे वाट्याला येतात.

लहान शहरातून मुंबईपर्यंत विमानाने येणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. देशांतर्गत तिकीट वेगळं काढलं असेल, तर त्या टप्प्याला देशांतर्गत मर्यादाच लागते: सहसा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. पुढच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर दोन बॅगा मोफत असल्या तरी इथे त्याचा उपयोग नाही. शिवाय एटीआर या पंख्यांच्या लहान विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे ट्रॉली दारातच काढून घेतात. अशा टप्प्यावर कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत आणा, म्हणजे ती पुढच्या आसनाखाली जाते.

२. सामानाची यादी करा, सिरियल नंबरसकट

एका पानावर तक्ता करा: वस्तू, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, किंमत. कॅमेऱ्याचा नंबर तळाशी असतो, लेन्सचा सहसा माउंटजवळ (लेन्स कॅमेऱ्याला जोडली जाते ती कडी) किंवा नळीच्या खालच्या बाजूला. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) आणि फ्लॅशही लिहा. प्रत्येक नंबरचा फोटो काढून फोनमध्ये आणि ई-मेलमध्ये ठेवा.

बिल सापडत नसेल तर घाबरू नका. वॉरंटी कार्ड, दुकानाचा ई-मेल, बँकेचा उतारा यांतलं काहीतरी निघतंच. जुन्या फोटोंचाही आधार होतो: अनेक कॅमेरे प्रत्येक फोटोच्या एक्झिफ माहितीत, म्हणजे फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या नोंदीत, बॉडीचा (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा) सिरियल नंबर लिहून ठेवतात. दोन वर्षांपूर्वीच्या ताडोबाच्या फोटोत तोच नंबर दिसला, तर कॅमेरा तेव्हापासून तुमच्याकडे आहे हे दाखवता येतं. सेकंडहँड घेतलेल्या लेन्सची विकणाऱ्याकडून सही केलेली पावती घ्या. भाड्याने आणली असेल तर भाडेकराराच्या कागदावर नंबर, तारखा आणि वस्तू परदेशी नेण्याची परवानगी, हे तिन्ही लिहून घ्या. मित्राची लेन्स असेल तर त्याचं साधं सही केलेलं पत्र आणि त्याच्या बिलाची प्रत पुरेशी होते.

३. कस्टमचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट

नवखे प्रवासी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळतात. भारतातून महागडी वस्तू बाहेर नेताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. त्यावर वस्तूचं वर्णन आणि सिरियल नंबर असतो. परतताना ही वस्तू इथूनच गेली होती, तिच्यावर शुल्क लागत नाही, हे या एका कागदाने सिद्ध होतं.

ते निघतानाच आणि विमानतळावरच मिळतं, कारण अधिकाऱ्याला वस्तू प्रत्यक्ष पाहून नंबर ताडून पाहायचा असतो. मुंबईच्या टी-२ टर्मिनलवर शिरल्यावर, चेक-इनच्या रांगेत उभं राहण्याआधीच, हे काम कुठे होतं ते विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला विचारा. एखादी वस्तू चेक-इन बॅगेत जाणार असेल तर हा क्रम फार महत्त्वाचा, कारण बॅग पट्ट्यावरून आत गेली की दाखवायला वस्तूच उरत नाही. सोबत तक्त्याच्या दोन छापील प्रती, बिलांच्या प्रती, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास किंवा तिकीट ठेवा. या कामासाठी तासभर जास्तीचा धरा. रात्रीच्या विमानांच्या गर्दीत तेवढा लागू शकतो.

हे खरंच लागतं का, असं बरेच जण विचारतात. वापरून झिजलेल्या कॅमेऱ्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. पण नवीकोरी दिसणारी मोठी लेन्स असेल, किंवा परतीचा मार्ग दुबईहून असेल, तर सर्टिफिकेट घ्याच. तिथून नवी लेन्स आणणारेही त्याच विमानात असतात.

पगारी काम घेऊन, माणसं आणि सिनेमाचे कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा. ब्रिटन, जपान, दक्षिण आफ्रिका अशा देशांत सामान शुल्क न भरता तात्पुरतं नेण्यासाठी एटीए कार्नेट नावाचा दस्तऐवज असतो. भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. केनियाच्या सहलीला त्याची गरज नाही. तिथे व्यावसायिक चित्रीकरण करायचं असेल तर परवाना वेगळा काढावा लागतो आणि तो तिथल्या एजंटमार्फतच काढलेला बरा.

४. विमा, आणि विमान कंपनी किती भरून देते

प्रवास विम्यात ‘बॅगेज’ हा शब्द दिसला की कॅमेरा सुरक्षित झाला असं वाटतं. पॉलिसी उघडून बारीक अक्षरातलं वाचा. बहुतेक वेळा ते कवच फक्त चेक-इन बॅग पूर्ण हरवली तर असतं, त्यालाही प्रत्येक वस्तूमागे मर्यादा असते, आणि कॅमेऱ्यासारख्या वस्तू वगळलेल्या असतात. लाखांच्या सामानासाठी सामान्य विमा कंपन्यांकडून ऑल रिस्क प्रकारची पॉलिसी घ्या. घेताना तीन प्रश्न लेखी विचारा: भारताबाहेर लागू आहे का, अपघाताने पडून फुटली तर चालेल का, आणि गाडीतून चोरी झाली तर काय. प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर पॉलिसीच्या परिशिष्टात छापून आलाय का, तेही पाहा.

विमान कंपनीच्या भरपाईवर अवलंबून राहू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवलं, फुटलं किंवा उशिरा आलं तर १९९९ च्या माँट्रियल करारानुसार कंपनीची जबाबदारी माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत असते. २८ डिसेंबर २०२४ पासून ही रक्कम लागू आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत ही रक्कम साधारण दोन लाखांच्या घरात जाते. एका मोठ्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सची किंमत याच्या कितीतरी पट असते.

सोबत ठेवायची कागदपत्रं एकदा इथेच लिहिते, म्हणजे शोधायला नको:
- पासपोर्ट, केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी, तिकिटं
- पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड. लस किमान १० दिवस आधी घ्यायची. कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि मग कॅमेऱ्याचे सगळे कागद असूनही उपयोग नाही
- सामानाचा तक्ता आणि बिलांच्या प्रती
- एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, मूळ प्रत
- विम्याची प्रत आणि दाव्यासाठीचा फोन नंबर
- भाड्याच्या किंवा उसन्या वस्तूंची पत्रं

५. घरीच वजन करा

इकॉनॉमीत हातातल्या बॅगेला भारतीय कंपन्या साधारण ७ किलो देतात. मापही असतं, सहसा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. काही परदेशी कंपन्या जास्त वजन देतात, म्हणून तिकिटाची तुलना करताना हा आकडाही पाहा.

एक बेरीज मांडते. निकॉन झेड ८ च्या दोन बॉडी, बॅटरी आणि कार्डासह प्रत्येकी ९१० ग्रॅम, म्हणजे १.८२ किलो. १८०-६०० मिमी झूम, ट्रायपॉड कॉलरसह (लेन्स ट्रायपॉडवर बसवायची कडी) २.१४ किलो. ७०-२०० मिमी एफ २.८, कॉलरसह १.४४ किलो. पाठीवरची चांगली कॅमेरा बॅग रिकामीच २ किलोच्या आसपास. झाले ७.४ किलो. यात लॅपटॉप नाही, चार्जर नाहीत, जादा बॅटऱ्या नाहीत.

आता कमी काय करायचं? दोन्ही लेन्सचे कॉलर काढून मोज्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका, २६५ ग्रॅम वाचतात. मारात गाडीतून बीनबॅगवरच (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) फोटो काढायचे असतात, त्यामुळे कॉलर उशिरा पोचला तरी काही अडत नाही. जड कॅमेरा बॅगेऐवजी साध्या हलक्या सॅकमध्ये कप्प्यांचा गादीवाला इन्सर्ट ठेवा. किलोभर तिथेच सुटतं, आणि सॅकमध्ये कॅमेरा आहे हे बाहेरून कळतही नाही. लॅपटॉपची वेगळी बॅग किंवा पर्स बहुतेक कंपन्या हातातल्या बॅगेशिवाय चालू देतात. तुमच्या कंपनीचं काय आहे ते आधी विचारा. मोठ्या खिशांचं जॅकेटही उपयोगी पडतं: चार्जर, कार्डं, टेलिकन्व्हर्टर त्यात बसतात.

आणि तिसरी लेन्स घरी ठेवा. मारात प्राणी गाडीच्या इतके जवळ येतात की ७०-२०० भरपूर वापरली जाते. लांबच्यासाठी मोठी झूम आहेच. एक बॉडी एका लेन्सला, दुसरी दुसरीला, म्हणजे धुळीत लेन्स बदलायचीही वेळ येत नाही.

६. बॅटऱ्या: इथे सवलत नाही

नियम साधा आहे. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत एकही नको. स्कॅनरमध्ये पॉवर बँक दिसली की तुमच्या नावाची घोषणा होते, बॅग उघडायला जावं लागतं आणि त्या धावपळीत कॅमेऱ्याची बॅग कुणाच्या तरी भरवशावर सोडून जाण्याची पाळी येते.

मर्यादा वॅट-अवरमध्ये मोजतात: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या फार लहान असतात. निकॉनची ७ व्होल्ट, २२८० एमएएच बॅटरी १६ वॅट-अवरची. १०० वॅट-अवरपर्यंत विशेष परवानगी लागत नाही. १०० ते १६० मधल्या जास्तीत जास्त दोन सुट्ट्या बॅटऱ्या, त्याही कंपनीला आधी विचारून. १६० च्या वरची घेऊन प्रवाशाला विमानात चढताच येत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवर होते, ती चालते. ३०,००० ची १११ होते, तिला परवानगी लागते. आकडा पुसट झालेली पॉवर बँक बदला, कारण छापील आकडा वाचता आला नाही तर ती काढून घेऊ शकतात. कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात: एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक ठेवली आहे आणि विमानात ती वापरायला मनाई केली आहे.

प्रत्येक सुट्टी बॅटरी तिच्या प्लास्टिकच्या टोपीत ठेवा. टोपी हरवली असेल तर धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. सगळ्या बॅटऱ्या एका छोट्या पाऊचमध्ये, बॅगेत सगळ्यात वर. हा पाऊच वर का, ते आठव्या पायरीत येईल.

७. चेक-इन बॅगेत काय

ट्रायपॉड किंवा मोनोपॉड, ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर, स्विस चाकू, केबल, रिकामी बीनबॅग. बीनबॅग भरून नेऊ नका. तांदूळ किंवा घेवडा नैरोबीत मिळतो, आणि अनेक गाड्यांत भरलेली बीनबॅग असतेच. आधी ई-मेल करून विचारा. हवेचा दाबलेला डबा कुठल्याच बॅगेत चालत नाही. धूळ उडवायला रबरी ब्लोअर पुरे. केनियात ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट असतात, त्यासाठी ॲडॅप्टर आणि इथलाच एक एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. कॅम्पच्या तंबूत प्लग कमी असतात.

लेन्स चेक-इन करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर ती बॉडीवरून काढा. जोडलेल्या अवस्थेत धक्का बसला की ताण माउंटवर येतो. झूम सर्वांत आखूड करून लॉक करा, हूड उलटा लावा, दोन्ही टोपणं बसवा, टणक पेटीत ठेवा आणि ती पेटी कपड्यांच्या मधोमध. ‘फ्रॅजाइल’च्या चिकटपट्टीवर माझा विश्वास नाही.

काही गोष्टी घरीच राहू द्या. ड्रोन: केनियात परवानगीशिवाय नेता येत नाही, विमानतळावर जप्त होतो, आणि भारतात फेब्रुवारी २०२२ पासून ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्याने परतताना दुसरा वाद उभा राहतो. सॅटेलाइट फोन आणि तसे संदेशयंत्रही नको. भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. ताडोबात घालतो ते सैनिकी छापाचे कपडेही केनियात नको, साधा खाकी किंवा मातकट रंग घ्या. आणि कॅमेरा धुळीपासून झाकायला प्लास्टिकच्या कॅरी बॅगा भरू नका. केनियात त्यांवर २०१७ पासून बंदी आहे. जुने उशांचे अभ्रे हे काम उत्तम करतात.

८. विमानतळावर

सुरक्षा तपासणीत कॅमेरे, लॅपटॉप, पॉवर बँक वेगळ्या ट्रेमध्ये काढायला सांगतात. मोठी लेन्सही काढून दाखवायला लावू शकतात. सोबती असेल तर एकाने आधी पलीकडे जाऊन ट्रे गोळा करावेत, दुसऱ्याने अलीकडून पाठवावेत. एकटे असाल तर आपल्या आधीचा माणूस धातू शोधणाऱ्या फ्रेममधून पार झाल्याशिवाय शेवटचा ट्रे सोडू नका. एक्स-रेने मेमरी कार्डाला काही होत नाही. फिल्म नेत असाल तर मात्र ती पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासायची विनंती करा, नव्या सीटी स्कॅनरने ती खराब होते.

गेटवर कधीकधी जागा नाही म्हणून हातातल्या बॅगा खाली पाठवतात. तसं झालं तर शांतपणे सांगा की आत कॅमेरे आणि लिथियम बॅटऱ्या आहेत, आणि बॅग आसनाखाली बसेल हे दाखवा. बहुतेक वेळा ऐकतात. नाहीच ऐकलं, तर बॅटऱ्यांचा पाऊच, पॉवर बँक, मेमरी कार्डं आणि एक बॉडी काढून घ्या. यासाठीच पाऊच वर ठेवायचा आणि खिशात एक घडीची कापडी पिशवी. शक्य असेल तर लवकर चढणाऱ्या गटात राहा, कारण कप्पे भरल्यावर चढणाऱ्यांवरच ही वेळ येते.

पुण्याचं लोहगाव किंवा गोव्याचं दाबोळी यांवरून निघणार असाल तर तिथे धावपट्टीचे, विमानांचे फोटो काढू नका. दोन्ही लष्करी तळ आहेत.

९. परतीचा प्रवास

जोमो केन्याटा विमानतळावर टर्मिनलच्या दारातच सामान एकदा स्कॅन होतं आणि आत पुन्हा, म्हणून वेळ जास्त ठेवा. फोटोंच्या दोन प्रती करून त्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. मूळ कार्डं अंगावरच्या खिशात.

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असतो. विमानातल्या थंड, कोरड्या हवेतून कॅमेरा एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की काचेवर पाणी धरतं, कधी आतल्या बाजूलाही. सिलिका जेल घालून बॅग बंद ठेवा आणि घरी दोन-तीन तासांनी उघडा. विमानतळाबाहेर बॅगेला पावसाचं आवरण हवंच.

कस्टममध्ये तेच सामान परत आणलं असेल तर ग्रीन चॅनेलमधून (जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांची वाट) या, सर्टिफिकेट हाताशी ठेवा. वाटेत दुबईत काही घेतलं असेल आणि ते मोफत मर्यादेच्या वर जात असेल, तर रेड चॅनेलला जाऊन जाहीर करा. मर्यादा आणि शुल्काचे दर बदलत असतात, निघण्यापूर्वी सीबीआयसीच्या (कस्टमचं केंद्रीय मंडळ) संकेतस्थळावर ताजे आकडे पाहा. ‘येताना माझी एक लेन्स आण ना’ असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या सर्टिफिकेटवर नसलेली एक वस्तू निघाली की बाकीच्या सगळ्या सामानाची चौकशी लांबते.

चेक-इन बॅगेतलं काही फुटलेलं किंवा गायब दिसलं, तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल, नोंदवल्याशिवाय बाहेर पडू नका. त्याची प्रत घ्या, वस्तूचे, बॅगेचे आणि टॅगचे फोटो काढा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. विमान कंपनीकडे नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत पोचायला हवी, बॅग उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत.